जमिनीखालची गळती : कशी कळते, कोण सांगतं, कशी निस्तरतात



मागच्या दोन व्याख्यानांत आपण प्रमाणांचा विचार केला. प्रत्यक्ष, अनुमान, शब्द आणि मीमांसकांनी व वेदान्त्यांनी मानलेली अनुपलब्धी. शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं होतं, की हे सगळं ऐकायला छान आहे, पण आज त्याचं करायचं काय? प्रश्न रास्त आहे. म्हणून आज पोथी जरा बाजूला ठेवू आणि एक रोकडा विषय घेऊ. पेट्रोल वाहून नेणारी जमिनीखालची पाइपलाइन गळायला लागली, तर ते कळतं कसं, कळल्यावर काय करतात, आणि सांडलेलं निस्तरतात कसं?

कुणी म्हणेल, तत्त्वज्ञानाच्या मास्तरांचा पाइपलाइनशी काय संबंध? संबंध असा, की ही वस्तू डोळ्यांना दिसत नाही. ती चार-पाच फूट मातीखाली असते. तिच्यात काय चाललंय हे कुणीच थेट पाहत नाही. जे काही कळतं ते आकड्यांवरून, वासावरून किंवा कुणी सांगितलं म्हणून. म्हणजे हा मुळातच ‘आपल्याला कळतं कसं’ याचा प्रश्न आहे. आणि इथे चुकीच्या ज्ञानाची किंमत परीक्षेतल्या गुणांत मोजत नाहीत. ती कुणाच्या तरी विहिरीत उतरते.

हंटर्सव्हिलची दोन मुलं

अमेरिकेत ‘कलोनियल’ नावाची एक प्रचंड पाइपलाइन आहे. टेक्सासमधल्या ह्यूस्टनपासून निघते आणि थेट न्यूयॉर्क बंदराच्या परिसरापर्यंत जाते. सगळ्या शाखा धरल्या तर लांबी ५,५०० मैलांहून जास्त, म्हणजे जवळपास ८,८०० किलोमीटर. पेट्रोल, डिझेल, विमानाचं इंधन हे सगळं त्यातून जातं.

ही पाइपलाइन नॉर्थ कॅरोलिना राज्यात, शार्लट शहराजवळच्या हंटर्सव्हिल या गावाच्या शिवारातून जाते. तिथे ओएलर नावाचं एक संरक्षित रान आहे. १४ ऑगस्ट २०२० या दिवशी दोन किशोरवयीन मुलं तिथून आपल्या चारचाकी रानगाड्या घेऊन चालली होती. त्यांना जमिनीतून पेट्रोल वर येताना दिसलं. त्यांनी ते सांगितलं आणि मग पाइपलाइन बंद झाली.

इथे क्षणभर थांबू या. कंपनीकडे नियंत्रणकक्ष होता, संगणक होते, दाब आणि प्रवाह मोजणारी यंत्रं होती. गळती शोधणाऱ्या यंत्रणेने खबर दिली नाही. खबर दिली दोन मुलांनी.

गळती कुठे होती? जिथे २००४ साली दुरुस्ती केली होती, नेमकी तिथे. त्या दुरुस्तीला ‘स्लीव्ह’ म्हणतात. हाताला फ्रॅक्चर झालं की प्लास्टर घालतात ना, तसे लोखंडाचे दोन अर्धगोल नळाभोवती बसवून एकमेकांना जोडतात. यातल्या एका प्रकारात स्लीव्हची टोकं नळाला वेल्ड केलेली नसतात. ती नळाला आधार देते, पण आतलं काही बाहेर आलं तर ते अडवून धरत नाही. हंटर्सव्हिलची स्लीव्ह या प्रकारातली होती.

आता आकडे बघा, कारण पुढचा सगळा विचार त्यांच्यावर उभा आहे. कंपनीचा पहिला अंदाज होता ६३,००० गॅलन. साधारण २ लाख ३८ हजार लिटर. आपल्याकडचा पेट्रोलचा टँकर २०,००० लिटरचा धरला, तर बारा टँकर. काही महिन्यांनी, २०२१ च्या सुरुवातीला, अंदाज गेला १२ लाख गॅलनवर. आणि २०२२ मध्ये तो सुमारे २० लाख गॅलन झाला. म्हणजे सुमारे ७५ लाख लिटर. पावणेचारशेच्या वर टँकर. पहिल्या आकड्याच्या तीसपट!

दरम्यान राज्याच्या पर्यावरण खात्याने २०२१ च्या नोव्हेंबरात कोर्टात दावा लावला, आणि २०२२ मध्ये संमतीने आदेश झाला. दंड आणि चौकशीचा खर्च मिळून सुमारे ५० लाख डॉलर. सफाईची जबाबदारी अर्थातच वेगळी.

गप्प बसलेला अलार्म काय सांगतो?

अलार्म वाजला नाही, म्हणून गळती नाही. हे विधान बरोबर की चूक?

अनुपलब्धीची चर्चा आठवा. खोलीत घडा नाही हे आपल्याला कसं कळतं? घडा दिसत नाही, यावरून. पण आपल्या परंपरेतल्या विचारवंतांनी इथे एक अट घातली. नुसतं ‘दिसत नाही’ पुरत नाही. घडा असता तर तो दिसला असता, अशी परिस्थिती हवी. दिवा लावलेला हवा, डोळे चांगले हवेत, मध्ये आडोसा नको. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर त्यावरून घडा नाही हे सिद्ध होत नाही. सिद्ध होतं ते एवढंच, की अंधार आहे.

आता गळती शोधणारी यंत्रणा कशी चालते ते पाहू. तिचं मूळ तत्त्व वाण्याच्या वहीचं आहे. एका टोकाला किती घातलं, दुसऱ्या टोकाला किती निघालं, फरक किती. पण वाण्याला माहीत असतं, की पोत्यागणिक थोडी घट-तूट येतेच. पेट्रोल तापलं की फुगतं, थंड झालं की आकसतं. दाब बदलला की नळात मावणारं प्रमाण बदलतं. मीटरची स्वतःची चूक असते. म्हणून यंत्रणेला एक उंबरठा ठरवून द्यावा लागतो. फरक त्याच्या वर गेला तरच अलार्म. उंबरठा फार खाली ठेवला, तर दिवसातून दहा वेळा खोटा अलार्म वाजतो आणि माणसं त्याच्याकडे लक्ष देईनाशी होतात.

समजा एका नळातून रोज १० लाख बॅरल इंधन जातं, आणि यंत्रणेला एक टक्क्याच्या आतला फरक ओळखता येत नाही. एक बॅरल म्हणजे ४२ गॅलन, सुमारे १५९ लिटर. एक टक्का म्हणजे १०,००० बॅरल, जवळपास १६ लाख लिटर. रोज! हे आम्ही उदाहरणादाखल घेतलेलं गणित आहे, कुठल्या विशिष्ट नळाचं नाही. पण यावरून एक गोष्ट ध्यानात येते. नळ जेवढा मोठा, तेवढी त्याच्या ‘एका टक्क्यात’ लपणारी गळती मोठी.

म्हणजे त्या यंत्रणेचं मौन मोठ्या गळतीबद्दल प्रमाण आहे. नळ फुटला असता तर तिने सांगितलं असतं. सांगत नाही म्हणून फुटलेला नाही, हे अनुमान चालेल. पण बारीक, संथ गळतीबद्दल तेच मौन प्रमाण नाही. तिथे खोलीत अंधार आहे. आणि अंधार आहे हे ज्याला माहीत आहे त्याने दुसरा दिवा आणायला हवा. नळाच्या आतून सरकत जाऊन भिंत तपासणारी यंत्रं असतात, तिथले लोक त्यांना ‘पिग’ म्हणतात. वरून विमानाने किंवा पायी फिरून पाहणी करतात. नळाच्या कडेने ऑप्टिकल फायबर टाकून तापमान आणि कंप टिपतात. यातलं कुठलंच एकटं पुरत नाही.

वाजलेला अलार्म तरी काय सांगतो?

आता याची दुसरी बाजू. अलार्म वाजला, तरी कळतंच असं नाही.

२५ जुलै २०१० रोजी संध्याकाळी मिशिगन राज्यातल्या मार्शल गावाजवळ एन्ब्रिज कंपनीची ३० इंची पाइपलाइन फुटली. यातून पेट्रोल नव्हे, कॅनडातलं जड कच्चं तेल जात होतं. नियंत्रणकक्षात अलार्म वाजले. पण त्या वेळी नळ ठरल्याप्रमाणे बंद करायचं काम चालू होतं, आणि बंद करताना दाब पडला की नळात मधेच पोकळी तयार होते. द्रवाचा खांब तुटतो. त्यानेही तसेच अलार्म वाजतात. माणसांनी तोच अर्थ लावला. पोकळी भरून काढण्यासाठी त्यांनी पंप पुन्हा चालू केले. एकदा नव्हे, दोनदा. एकूण सांडलेल्या तेलापैकी सुमारे ८१ टक्के तेल या दोन वेळच्या पंपिंगमध्ये बाहेर पडलं, असं अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत निष्पन्न झालं. नळ फुटल्यापासून गळती ओळखेपर्यंत १७ तास गेले. ८ लाख ४३ हजार गॅलन तेल आधी टॅलमज ओढ्यात आणि तिथून कॅलमझू नदीत गेलं.

नैयायिक याला काय म्हणाले असते? सव्यभिचार हेतू. धूर दिसला की अग्नी आहे असं म्हणता येतं, कारण अग्नीशिवाय धूर नसतो. पण जे चिन्ह दोन्हीकडे आढळतं, साध्य असतानाही आणि नसतानाही, त्यावरून निर्णय करता येत नाही. दाब पडणं हे चिन्ह नळ फुटल्यावरही दिसतं आणि पोकळी झाल्यावरही दिसतं. अशा वेळी काय करावं? जो अर्थ चुकला तर नुकसान सर्वांत जास्त, तो आधी खरा धरावा. नळ बंद ठेवावा, माणूस पाठवावा, पाहावं, मग चालू करावा. पोकळी असताना फुटलंय असं समजलो, तर काही तासांचा खोळंबा. फुटलेलं असताना पोकळी समजलो, तर नदी. हे तर्काचंच काम आहे, त्याला हळव्या मनाची गरज लागत नाही.

याच प्रसंगात आणखी एक गोष्ट घडली. त्या रात्री आसपासच्या लोकांनी वास येतोय म्हणून आपत्कालीन क्रमांकावर फोन केले होते. अग्निशमन दलाचे लोक येऊन फिरून गेले. त्यांना उगम सापडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एका स्थानिक गॅस कंपनीच्या कर्मचाऱ्याने पाइपलाइनच्या नियंत्रणकक्षाला फोन करून तेल सांडल्याचं सांगितलं, तेव्हा नळ खऱ्या अर्थाने बंद झाला.

म्हणजे दोन्ही ठिकाणी शेवटी कामाला आलं ते शब्दप्रमाण. बाहेरच्या माणसाचा शब्द. ‘आप्त’ कोण, याची न्यायभाष्यात वात्स्यायनांनी केलेली चर्चा इथे फार उपयोगी आहे. ज्याने वस्तू जशी आहे तशी जाणली आणि जो ती तशीच सांगू इच्छितो, तो आप्त. आणि ते पुढे स्पष्ट करतात, की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. हुद्दा लागत नाही, पदवी लागत नाही. रानगाडीवरची दोन मुलं आप्त होऊ शकतात. यंत्रणेपाशी त्यांचा शब्द पोचायला वाट आहे की नाही, हा खरा प्रश्न.

पहिले काही तास

बरं, कळलं. आता पुढे काय करतात?

पहिलं काम, पंप बंद करणं आणि गळतीच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करणं. पण व्हॉल्व्ह बंद केला म्हणून गळती तत्काळ थांबत नाही. दोन व्हॉल्व्हच्या मधल्या नळात इंधन साठलेलं असतं. उताराची बाजू असेल तर ते वाहत राहतं. म्हणून दोन व्हॉल्व्हमधलं अंतर किती ठेवावं, ते दूरवरून बंद करता यावेत की माणसाने जाऊन फिरवावेत, हे गळती होण्याच्या कितीतरी वर्षं आधी घेतलेले निर्णय त्या दिवशी फळाला येतात.

दुसरं काम, माणसं दूर नेणं. पेट्रोल स्वतः जितकं जळत नाही तितकी त्याची वाफ जळते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. त्यामुळे ती वर उडून जात नाही. जमिनीलगत सरपटते, ओढ्यात, गटारात, तळघरात उतरून बसते. हवेत तिचं प्रमाण सुमारे दीड टक्क्यापासून साडेसात टक्क्यांपर्यंत असलं, की एक ठिणगी पुरते. आणि शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ देतं, म्हणजे थंडी आहे म्हणून निर्धास्त राहायची सोय नाही. म्हणून गाड्या चालू करायच्या नाहीत, विजेचं बटण दाबायचं नाही, वाऱ्याच्या उलट दिशेला जायचं, उंचावर जायचं.

हे न झाल्यास काय होतं, याचं उदाहरण वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमचं. १० जून १९९९. ऑलिंपिक पाइपलाइनचा १६ इंची नळ फुटला. नळाला इजा आधीच झालेली होती. पाच वर्षांपूर्वी, १९९४ मध्ये, शेजारी जलशुद्धीकरण केंद्राचं काम चालू असताना खोदकामात तो दुखावला गेला होता. त्या दिवशी नियंत्रणकक्षातले संगणक नीट प्रतिसाद देत नव्हते, आणि फुटलेला नळ पुन्हा चालू केला गेला. २ लाख ३७ हजार गॅलन पेट्रोल ओढ्यात उतरलं. दीड तासाच्या आसपास ते वाहत होतं. मग वाफेने पेट घेतला. दहा वर्षांची दोन मुलं आणि अठरा वर्षांचा एक तरुण मृत्युमुखी पडले. त्यांच्या मृत्यूनंतर झालेल्या लोकप्रयत्नांतून २००२ मध्ये अमेरिकेत पाइपलाइन सुरक्षेचा कायदा सुधारला, आणि पाइपलाइन सेफ्टी ट्रस्ट नावाची, कंपन्यांवर आणि सरकारवर लक्ष ठेवणारी संस्था उभी राहिली.

तिसरं काम, पसरणं अडवणं. वाहत्या पेट्रोलच्या वाटेत चर खणतात, मातीचे बांध घालतात. ओढ्यावर एक खास बांध घालतात, त्यात पाणी खालच्या पाइपातून पुढे जातं आणि वर तरंगणारं इंधन मागे अडतं. पाण्यावर तरंगते अडसर टाकतात. साचलेलं इंधन व्हॅक्यूमच्या टँकरने ओढून घेतात. वाफ दाबण्यासाठी फेस मारतात. आणि हे सगळं करताना हवेतल्या वाफेचं प्रमाण सारखं मोजत राहतात. मग हळूहळू नळ उघडा करतात, तुटका भाग कापून नवा घालतात किंवा पक्की दुरुस्ती करतात.

मातीत मुरलेलं पेट्रोल

नळ दुरुस्त झाला, बातम्या थांबल्या. खरं काम इथून पुढे असतं.

मातीत गेलेलं पेट्रोल चार रूपांत राहतं. एक, मोकळं पेट्रोल. ते पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे खाली झिरपत भूजलाच्या पातळीपर्यंत जातं आणि तिथे थर धरून तरंगतं. दोन, मातीच्या कणांच्या फटींत चिकटून राहिलेलं. डाळ ओतून घेतल्यावर पातेल्याला जशी ती लागून राहते, तसं. हे पंपाने ओढून निघत नाही. तीन, पाण्यात विरघळलेला भाग. पेट्रोलमधलं बेंझीन, टोल्युइन, इथाइल बेंझीन, झायलीन ही द्रव्यं पाण्यात उतरतात आणि भूजलाबरोबर पुढे सरकतात. यातलं बेंझीन कर्करोगकारक आहे. चार, मातीतल्या हवेत मिसळलेली वाफ. ती घरांच्या पायातून वर येऊ शकते.

आता लक्षात येईल की हंटर्सव्हिलचा आकडा तीसपट का वाढू शकला. वर दिसलं ते थोडं. बाकीचं खाली होतं. खाली किती आहे हे कळण्यासाठी निरीक्षणविहिरी घ्याव्या लागतात. बोअर मारायची, पेट्रोलचा थर किती जाड आहे मोजायचं, पाण्याचा नमुना तपासायचा. एका विहिरीत काही सापडलं नाही, म्हणजे तिथे काही नाही एवढंच. दोन विहिरींच्या मधलं काय? पुन्हा योग्यानुपलब्धी! विहिरी पुरेशा आणि योग्य जागी असतील तरच ‘सापडलं नाही’ या शब्दांना वजन.

सफाईही या चार रूपांप्रमाणे वेगळी. मोकळं पेट्रोल काढायला खास विहिरी खणून त्यांत वरचा थर खेचणारे पंप बसवतात. मातीतली वाफ ओढून घेण्यासाठी जमिनीत पाइप घालून हवा शोषतात, आणि ती वाफ जाळतात किंवा कोळशातून गाळतात. दूषित पाणी वर काढून सक्रिय कोळशातून शुद्ध करतात. भूजलाखाली हवा सोडतात, म्हणजे विरघळलेलं बेंझीन बुडबुड्यांबरोबर वर येतं. उथळ माती सरळ उपसून नेतात. आणि उरलेल्याचा फडशा पाडायला मातीतलेच सूक्ष्म जीव असतात. त्यांना प्राणवायू आणि पोषण मिळालं की ते ही द्रव्यं खातात. पण त्यांना वेळ द्यावा लागतो. वर्षं लागतात.

मार्शलला तर निराळंच झालं. ते जड तेल हलक्या द्रव्यात पातळ करून पाठवलेलं होतं. हलका भाग उडून गेला, जड भाग नदीच्या तळाशी बसला. तरंगत्या अडसरांचा तिथे उपयोग नाही. तळ उपसावा लागला. काही वर्षं काम चाललं आणि खर्च १०० कोटी डॉलरच्या वर गेला.

स्वच्छ म्हणजे किती स्वच्छ?

आता आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न. सफाई झाली, असं केव्हा म्हणायचं?

पिण्याच्या पाण्यात बेंझीन किती चालेल? जागतिक आरोग्य संघटनेचा मार्गदर्शक आकडा आहे लिटरमागे १० मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण संस्थेचा आकडा ५. नॉर्थ कॅरोलिना राज्याचा भूजलासाठीचा आकडा १. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. हे किती थोडं आहे? एक लिटर पेट्रोलमध्ये एक टक्का बेंझीन धरलं, तर ते होतं पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास. कागदावरच्या हिशेबाने, एवढं बेंझीन ८७ लाख लिटर पाणी १ मायक्रोग्रॅमच्या पातळीला आणू शकतं. एका लिटर पेट्रोलची ही कथा, आणि तिथे सांडलं होतं ७५ लाख लिटर.

पण आमचा मुद्दा निराळा आहे. पाणी तेच, बेंझीन तेच. मग आकडे तीन का? कारण रसायनशास्त्र एवढंच सांगतं, की अमुक इतकं बेंझीन आयुष्यभर पोटात गेलं तर धोका अमुक इतका वाढतो. तो धोका पत्करावा की नाही, हे रसायनशास्त्र सांगत नाही. ते कुणीतरी ठरवतं. आणि ठरवताना खर्च, सोय, कुणाचं ऐकायचं, हे सगळं त्यात शिरतं. ‘स्वच्छ’ हा शब्द वर्णन करणारा दिसतो, पण आत एक निर्णय लपलेला असतो. मग त्या विहिरीचं पाणी जो पितो, त्याला त्या निर्णयात जागा आहे का?

आणि दुसरं. जोपर्यंत नेमकं कळलेलं नाही, तोपर्यंत त्या अज्ञानाचा भार कुणी वाहायचा? पहिला अंदाज बारा टँकरचा होता, तेव्हा त्या परिसरातली माणसं बारा टँकरच्या हिशेबाने आपले निर्णय घेत होती. घर ठेवायचं की विकायचं, विहिरीचं पाणी प्यायचं की नाही. आकडा वाढत गेला. ते मागचे महिने परत येत नाहीत. म्हणून आमचं मत असं, की अंदाज सांगताना नुसता आकडा सांगणं पुरेसं नाही. हा आकडा कशावरून काढला, आणि तो किती वर जाऊ शकतो, हेही त्याच दमात सांगणं हे नैतिक कर्तव्य आहे. ‘इतकं निदान आहे’ आणि ‘इतकंच आहे’ ही दोन वाक्यं ऐकायला सारखी वाटतात. शेजारी राहणाऱ्याच्या दृष्टीने त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आपल्या शिवाराखाली

हे सगळं दूरचं आहे असं समजू नका. मुंबईहून मनमाडकडे आणि पुढे उत्तरेत इंधनाची पाइपलाइन जाते. मुंबई–पुणे–सोलापूर अशीही एक आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या गावच्या शिवारात पिवळे खांब असतील, त्यांवर कंपनीचं नाव आणि फोन नंबर असतो.

आपल्याकडे यासाठी १९६२ चा केंद्रीय कायदा आहे. त्यानुसार सरकार जमीन घेत नाही. जमिनीत नळ टाकण्याचा, म्हणजे वापराचा हक्क घेतं. मालकी शेतकऱ्याकडेच राहते. पण त्या पट्ट्यात त्याला इमारत बांधता येत नाही, विहीर किंवा तळं खणता येत नाही, झाड लावता येत नाही. या हक्कासाठी जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के मोबदला, शिवाय पिकाचं वगैरे नुकसान झालं तर त्याची भरपाई. म्हणजे शेत त्याचं, नळ दुसऱ्याचा, आणि त्या दोघांचा शेजार कायमचा.

शिवाय आपली जमीन बघा. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी मातीसारखं सगळीकडून सारखं झिरपत नाही. मुरमातून, मांजऱ्यातून आणि खडकाच्या फटींतून जातं. विहीर खणणाऱ्याला हे माहीत असतं. तो झरा कुठल्या बाजूने आहे ते विचारतो. पेट्रोल अशा खडकात उतरलं, तर ते कुठल्या फटीने कुणाच्या विहिरीत निघेल, हे नुसत्या नकाशावरून सांगणं कठीण. शेजारची विहीर कोरी राहील आणि लांबची बिघडेल. इथे गावच्या माणसाचं झऱ्यांचं ज्ञान कुठल्याही सेन्सरइतकं मोलाचं आहे.

कायद्याच्या अंगाने आपण फार मागे नाही. १९८६ च्या ओलियम वायूगळती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तत्त्व घालून दिलं, की धोकादायक उद्योगातून अपघात झाला तर निष्काळजीपणा सिद्ध करायची गरज नाही; जबाबदारी संपूर्ण. २०१० च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या कायद्यात ‘प्रदूषण करणाऱ्याने भरावं’ आणि ‘आधीच खबरदारी घ्यावी’ ही दोन्ही तत्त्वं लिहिलेली आहेत. तत्त्व आहे, ते विहिरीपर्यंत पोचवायला मात्र कुणीतरी पहिली खबर द्यावी लागते.

ती खबर कशी असते? शेतात पेट्रोलचा वास. पिकाचा एक पट्टा कारण नसताना पिवळा पडलेला. विहिरीच्या पाण्यावर रंगीत तवंग. जमिनीतून बुडबुडे किंवा फुसफुस आवाज. असं काही दिसलं तर तीन गोष्टी. एक, मोटार चालू करू नका, चालू असेल तर जवळ जाऊन बटण बंदही करू नका. बिडी-काडी तर नाहीच. दोन, वाऱ्याच्या उलट बाजूने लांब जा आणि मग फोन करा, खांबावरच्या नंबरवर आणि ११२ वर. तीन, कॅन घेऊन भरायला जाऊ नका, कुणाला जाऊ देऊ नका. मेक्सिकोत ट्लावेलिल्पान इथे १८ जानेवारी २०१९ रोजी, चोरीसाठी फोडलेल्या पाइपलाइनवर माणसं डबे घेऊन जमली होती. भडका उडाला आणि १३७ माणसं गेली. ती सगळी गुन्हेगार नव्हती. बरीचशी नुसती फुकट मिळतंय म्हणून आली होती.

एका श्रोत्यांनी आत्ता चिठ्ठी पाठवली आहे : ‘इतका धोका असेल तर पाइपलाइन असूच नये का?’ तसं आमचं म्हणणं नाही. तेच इंधन टँकरने रस्त्यावरून नेलं तर अपघात वेगळे, पण होतातच. जोवर इंधन लागतंय तोवर ते कशातून तरी जाणार. प्रश्न एवढाच, की जे डोळ्याआड आहे त्याच्याबद्दल आपण किती प्रामाणिकपणे ‘माहीत नाही’ म्हणतो, आणि ज्याला दिसलं त्याचं किती लवकर ऐकतो.

तेव्हा आज घरी गेल्यावर एक करा. आपल्या गावाच्या किंवा वस्तीच्या जवळून असा नळ जातो का, बघा. जात असेल तर खांबावरचा नंबर लिहून ठेवा, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, आणि एकदा सहज फोन करून तो उचलला जातो का तेही पाहा. पुढच्या व्याख्यानात आपण संशय या विषयाकडे वळू. शंका घेणं योग्य केव्हा आणि नुसता खोळंबा केव्हा, ते पाहू.